घाईची दारू आणि घाईचा दवाखाना

आषाढी अमावास्या, म्हणजेच लोकांच्या तोंडची गटारी, जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. पूर्वी तो हातभट्टीबद्दल असे. हल्ली तरुण मंडळी विचारतात, ‘डॉक्टर, घरीच बिअर केली तर शुद्ध मिळेल ना? चार दिवसांत होईल का?’ दारू पिऊ नये, हे माझे मत सर्वांना ठाऊक आहे. पण विचारले आहे तर उत्तर द्यायला हवे. डॉक्टरने टाळले की माणूस दुसऱ्या कोणाला तरी विचारतो.

आंबण्याला वेळ का लागतो?

इडलीचे पीठ रात्रभर ठेवावे लागते, तसेच हे आहे. बिअरसाठी जवाला मोड आणून ते वाळवतात, भरडून गरम पाण्यात ठेवून त्यातील साखर उतरवतात, हॉप्स नावाची कडू फुले घालून उकळतात आणि निवल्यावर त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट म्हणजे बेकरीवाला पावासाठी वापरतो तो सूक्ष्म जीव. तो साखर खातो आणि त्यातून इथेनॉल हे मद्य व कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. साधारण २० अंश सेल्सिअसला या कामाला एक ते दोन आठवडे लागतात. नंतर बाटलीत फेस धरण्यासाठी जवळपास तितकेच दिवस जातात.

खायचा सोडा टाकून ढोकळा पंधरा मिनिटांत फुगवता येतो. यीस्टच्या कामाला असा सोडा नाही. ऊब वाढवली तर ते भरभर काम करते. पण नेहमीचे यीस्ट ३० अंशांच्या वर गेले की इथेनॉलसोबत इतर जड अल्कोहोलही जास्त तयार करते. चव उग्र होते. आंबणे पुरे होण्याआधीच बाटली बंद केली तर वायू आतच कोंडतो आणि बाटली फुटते. काचेचा तुकडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. नॉर्वेच्या पश्चिम भागातील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ‘क्वाइक’ नावाचे यीस्ट ३५ ते ४० अंशांतही नीट काम करते व दोन ते चार दिवसांत आंबवते. खऱ्या घाईचा एवढाच मार्ग आहे, आणि त्यालाही पुढे निवळण्याचे व फेस धरण्याचे दिवस द्यावेच लागतात. शिवाय आपल्या राज्यात परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे गुन्हा आहे. तेव्हा चार दिवसांच्या बिअरचे माझे उत्तर ‘नको’ असेच आहे.

हातभट्टीची घाई

बिअर बिघडली तर बहुधा आंबट होते, फेकून द्यावी लागते. हातभट्टीचे तसे नाही. तिथे काळा गूळ पिंपात आंबवतात आणि रसायन लवकर चढावे म्हणून नवसागर टाकतात. काही ठिकाणी युरिया आणि जुने बॅटरीचे सेलही सापडले आहेत. ‘पहिल्या धारेची’ म्हणून जी कौतुकाने पितात, तिच्यात ॲसिटाल्डिहाइडसारखे लवकर उडणारे त्रासदायक पदार्थ अधिक असतात.

सर्वांत मोठी घाई म्हणजे आंबवण्याचे कामच टाळणे. कारखान्यात लागणारे मिथेनॉल स्वस्त असते. दिसायला पाण्यासारखे असते आणि वासाने इथेनॉलहून सहज वेगळे ओळखता येत नाही. ते दारूत मिसळून विकतात. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. जुलै २०२२ मध्ये गुजरातेत बोटाद परिसरात चाळीसहून अधिक गेली. तिथे तर मिथेनॉलमध्ये नुसते पाणी घालून विकले होते. गूळ सडका होता म्हणून माणसे मेली, असे गावात बोलले जाते. सामूहिक मृत्यूंमागे बहुतेक वेळा बाहेरून मिसळलेले मिथेनॉल असते.

शरीरात काय होते?

मिथेनॉलचे यकृतात आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. लाल मुंगीच्या दंशात असते तेच हे आम्ल. ते डोळ्याच्या नसेवर घाला घालते आणि रक्त आम्लधर्मी करते. शुद्ध मिथेनॉल १० मिलिलिटर पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते, ३० मिलिलिटर जिवावर बेतू शकते.

फसवणूक अशी की, त्या रात्री माणूस नेहमीसारखाच झिंगलेला दिसतो. त्रास १२ ते २४ तासांनी सुरू होतो. सोबत साधी दारूही प्यालेली असेल तर आणखी उशिरा, कारण यकृत आधी इथेनॉल हाताळते. घरचे समजतात, उतरली नाही अजून, झोपू द्या. त्या झोपेत मोलाचे तास जातात.

घरच्यांनी काय करावे?

१) प्यालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी धुक्यातून पाहिल्यासारखे अंधूक दिसणे, पोटात कळा, उलट्या, डोके ठणकणे, जोरजोरात श्वास, यांपैकी काहीही दिसल्यास १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात न्यावे.

२) ‘उतारा’ म्हणून आणखी दारू पाजू नये. इथेनॉल हे उपचारात वापरतात हे खरे, पण ते मोजून, रुग्णालयात. फोमेपिझोल हे औषध आणि डायलिसिस हे उपचारही तिथेच मिळतात.

३) उलटी करवू नये. शुद्ध हरपली असल्यास कुशीवर वळवावे; तोंडात पाणी, ताक काही घालू नये.

४) त्याच्यासोबत जे जे प्याले, त्यांना बरे वाटत असले तरी तपासून घ्यावे. उरलेली दारू बाटलीसह न्यावी.

५) पोलीस केस होईल या भीतीने डॉक्टरपासून काही लपवू नये. काय प्याले आणि किती वाजता, हे कळले तर उपचार वेळेत सुरू होतात.

दारू करणाऱ्याने वेळ वाचवला, त्याची किंमत पिणाऱ्याच्या डोळ्यांनी चुकवली, असे वारंवार घडले आहे. घाई करायचीच असेल, तर ती रुग्णालय गाठण्याची करावी.