वाद्यांच्या पेट्यांची चाके : थोडा खर्च, मोठी बचत

लग्नसराईत चोपड्याहून खेडोपाडी जाणाऱ्या आपल्या बँडवाल्या बांधवांना आमचे एक सांगणे आहे. कीबोर्ड, ॲम्प्लिफायर यांच्या पेट्यांवर भरपूर खर्च होतो. चाकांकडे मात्र लक्ष जात नाही. पुष्कळ पेट्यांना दोन इंची नायलॉनची चाके असतात. ती फरशीवर ठीक चालतात; काळ्या मातीत रुततात, खडीवर अडकतात आणि प्रत्येक हिसका आतल्या वाद्याला बसतो. ऐन वरातीत चाक निखळले तर सुपारीही जाते आणि नावही.

चाके बदलताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

आकार : चार-पाच इंची रबरी चाक घ्यावे. मोठे चाक खड्ड्यावरून सहज जाते, रबर हिसका झेलते. मात्र पेटीची उंची वाढेल. टेम्पोत मावेल ना, हे आधी मोजावे.

वजन : खडबडीत जमिनीवर बहुधा तीनच चाके टेकतात. म्हणून भरलेल्या पेटीचे वजन चाराने नव्हे, तीनाने भागावे. साठ किलोच्या पेटीत एका चाकावर वीस किलो येतात. हिसक्यांचा विचार करून चाक चाळीस किलो पेलणारे घ्यावे.

बसवणी : स्क्रू उपटून येतात. आरपार बोल्ट, आतून लोखंडी पट्टी व लॉकनट लावावेत. दोन चाके फिरती व ब्रेकची, दोन स्थिर ठेवावीत. टेम्पोत ब्रेकवर विसंबू नये; पेटी पट्ट्याने बांधावी.

हे काम सराई सुरू होण्यापूर्वीच उरकावे. रोजी वाद्यावर आहे, आणि वाद्य चाकावर!