बापाला मोफत वकील मिळतो का?

मागच्या व्याख्यानानंतर शिरवळच्या एमआयडीसीतले एक कामगार आम्हांला भेटले. मुलाच्या ताब्याचा दावा, वकिलाची फी परवडेना. म्हणाले, "सर, मोफत वकील फक्त बायकांनाच ना?"

हा समज अर्धाच खरा आहे बघा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया आणि मुलं आहेत. 'बाप' असा शब्द नाही. पण त्याच यादीत औद्योगिक कामगार आहे, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आहेत, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही! इतरांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा. त्यासाठी सहसा प्रतिज्ञापत्र पुरतं. म्हणजे या गृहस्थांना हक्क होताच, सांगणारं कुणी नव्हतं.

अर्ज साताऱ्याला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, फोन १५१००. वकील मिळतो, कोर्ट फीही भरली जाते. मात्र वकील मोफत मिळाला म्हणून मूल मिळेलच, असं आम्ही म्हणणार नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे राहतं. त्यांचा मुलगा तीन वर्षांचा. तेव्हा आम्ही सांगितलं, ताब्याबरोबर भेटीच्या वेळाही पहिल्याच अर्जात मागा.