रन चालू आहे ना?

पहाटेची फ्लाइंग राणी पकडून सुरतेहून मुंबई सेंट्रल, तिथून कुलाब्याच्या टोकाला टीआयएफआरच्या, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, आणि मग चार-पाच दिवस पाळीपाळीने रात्री जागवायच्या. पेलेट्रॉनशी माझी ओळख अशी झाली. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टीआयएफआर यांचा हा १४ दशलक्ष व्होल्टचा त्वरक १९८८ साली सुरू झाला. नवख्याला वाटतं, सगळ्यांचे डोळे त्या यंत्राकडे लागलेले असतील. ते लागलेले असतात एका संगणकाच्या पडद्याकडे. शिफ्टला आलेला माणूस खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधी विचारतो, "रन चालू आहे ना?"

त्वरकातून येणारा कणांचा झोत, म्हणजे बीम, छान आहे, डिटेक्टरांना द्रव नायट्रोजन भरलेला आहे, पण फाइलीत आकडे उतरत नसतील तर त्या रात्री प्रयोग झालेलाच नसतो. बीमटाइम अर्ज करून मिळवावा लागतो. हुकलेली रात्र परत मिळत नाही.

आकडे उतरवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रयोगशाळेत 'डॅक' म्हणतात. गॅमा किरण जर्मेनियमच्या स्फटिकात शिरला की विजेचा इवलासा स्पंद उठतो. तो किती उंच, कधी आला, त्याच क्षणी शेजारच्या डिटेक्टरातही काही उमटलं का, हे पाहून ठेवायचं काय आणि सोडायचं काय हे ठरवणं म्हणजे ट्रिगर. एक घटना वाचून होईपर्यंत यंत्रणेचे डोळे मिटलेले असतात, तो डेड टाइम. समजा एक घटना वाचायला २० मायक्रोसेकंद लागतात आणि सेकंदाला १०,००० घटना नोंदल्या गेल्या. म्हणजे त्या सेकंदातला पाचवा हिस्सा यंत्रणा आंधळी होती आणि खरा आकडा १२,५०० च्या आसपास आहे. या निसटलेल्या अडीच हजारांचा हिशेब सॉफ्टवेअरने ठेवला नाही, तर निष्कर्ष चुकतो आणि चुकला हे कुणाला कळतही नाही. म्हणून डॅक हे मला प्रयोगाचंच एक अंग वाटतं, डिटेक्टराइतकंच.

आपल्याकडे हे काम बऱ्याच अंशी घरचंच आहे. कॅमॅक नावाच्या युरोपीय प्रमाणाचे क्रेट जगभर रूढ होते. त्यांतून आकडे वाचणारं, लिनक्सवर चालणारं 'लॅम्प्स' हे सॉफ्टवेअर भाभा केंद्रात अंबर चटर्जी यांनी घडवलं. दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रात 'कँडल' तयार झालं. पुढे इंगा हा देशातल्या संस्थांचा सामायिक डिटेक्टरसंच आला. त्यात २४ क्लोव्हर डिटेक्टर बसतात, प्रत्येकात चार स्फटिक. टीआयएफआरमध्ये त्याला अंकीय डॅक जोडलं गेलं. त्यात स्पंदाचे सेकंदाला १० कोटी नमुने घेतले जातात आणि प्रत्येक घटनेवर वेळेचा शिक्का बसतो. हा संच मुंबई, दिल्ली, कोलकाता असा फिरत आला, आणि जिथे गेला तिथल्या डॅकचं वळण त्याच्या फाइलींना लागलं. जुना डेटा पुन्हा तपासायला घेतला की पहिले काही दिवस ती फाइल उघडण्यातच जातात. हे मी सोसलेलं आहे.

अशा सॉफ्टवेअरची देखभाल म्हणजे काय ते नारायणगावजवळच्या खोडदला नीट दिसतं. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्यांच्या जोड्या होतात ४३५, आणि प्रत्येक जोडीच्या संकेतांचा गुणाकार सतत चालू ठेवावा लागतो. सुरुवातीला हे काम खास बनवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ३२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर करत असे. २०१० च्या सुमारास तेच काम साध्या संगणकांच्या ताफ्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने उचललं. आता ग्राफिक्स कार्डांच्या जोरावर पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला आहे. दोन ध्रुवणांचे मिळून ६० संकेत, प्रत्येकाचे सेकंदाला ८० कोटी नमुने, म्हणजे एका सेकंदात ४,८०० कोटी आकडे. त्यात उच्चदाबाच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्यांचा खरखराट मिसळतो. सरासरी काढली तर एकच मोठी ठिणगी तिला ओढून नेते, म्हणून तिथला गाळणीचा प्रोग्राम मध्यकाचा आधार घेतो आणि चालू निरीक्षणातच ठिणग्या वेचून काढतो.

२९ जून २०२३ रोजी गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वगुंजनाचे पुरावे जगापुढे आले, त्यात जीएमआरटीवर पल्सार मोजणाऱ्या भारतीय गटाचा वाटा होता. पल्सार म्हणजे नियमित लयीत रेडिओ ठोके देणारे तारे; त्यांचे ठोके वर्षानुवर्षे मोजायचे आणि मायक्रोसेकंदाच्या पातळीवरची तफावत शोधायची, असं ते काम. पण अँटेनांमागची नोंदणी-यंत्रणा बदलली की संकेताला लागणारा विलंबही बदलतो. विश्लेषणात तो 'जंप' म्हणून वेगळा धरावा लागतो. बदलाची तारीख कुणी टिपलीच नसेल, तर हा झटका आकाशातला की आपल्या प्रोग्राममधला, हे कसं ओळखायचं? लॉगबुकातल्या त्या एका ओळीला माझ्या लेखी शोधनिबंधाइतकं मोल आहे. ती ओळ लिहिणाऱ्याचं नाव मात्र निबंधावर असेलच असं नाही, आणि पद तर बहुधा प्रकल्प संपेपर्यंतचंच. याचा मला मनापासून राग येतो. यंत्राला अनुदान मिळतं, ते सांभाळणाऱ्याला मुदतवाढ मागावी लागते.

पुढची कामं याहून मोठी आहेत. स्क्वेअर किलोमीटर ॲरे या जागतिक दुर्बिणीच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरच्या आराखड्याचं नेतृत्व जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेने केलं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. लायगोच्या मुख्य संकेताचे सेकंदाला १६,३८४ नमुने घेतले जातात. सोबत भूकंपमापक, ध्वनिग्राहक, चुंबकमापक अशांच्या असंख्य वाहिन्या सतत नोंदवाव्या लागतात, कारण बाजूच्या रस्त्यावरचा ट्रकही गुरुत्वीय लहरीचं सोंग आणू शकतो. ते सगळं वीस-तीस वर्षं अखंड चालवायला मराठवाड्यातली मुलं आतापासून तयार व्हायला हवीत.

सुरतेतल्या एका कॉलेजात मी काही वर्षं शिकवलं. तिथे गॅमा मोजायचा एक जुना संच होता. नवा संगणक आला, त्यात संचाच्या कार्डाला बसायला खाचच नव्हती, आणि संच कापडाखाली गेला. पुढे दिल्लीच्या त्याच त्वरक केंद्राने विकसित केलेली, यूएसबीवर चालणारी 'एक्सपआइज' ही पेटी आम्ही घेतली. तिचं सॉफ्टवेअर मुक्त आहे, पायथनमध्ये लिहिलेलं, कुणीही उघडून वाचावं असं. उधन्याहून येणाऱ्या, खानदेशी घरातल्या एका विद्यार्थिनीने ते वाचलं आणि लंबकाच्या प्रयोगासाठी त्यात स्वतःच्या काही ओळी घातल्या. १ जानेवारी २०२० ला पायथनच्या जुन्या आवृत्तीचा आधार थांबला, आणि पुढे आमच्या संगणकावर नवी आवृत्ती आली तेव्हा तिने लिहिलेलं चालेना. ती तोवर पास होऊन नोकरीला लागली होती. मी फोन केला. रविवारी येऊन तिने ते दुरुस्त केलं, आणि पेटीशेजारी दोन रुपयांच्या वहीचं पान चिकटवलं: तारीख, काय बदललं, का बदललं. खाली तिने रेघा मारून आणखी दहा ओळींची जागा रिकामी ठेवली होती.