नेत्र मेलॅनोमाचा पचनमार्गातील विलंबित प्रसार

डोळ्यातील रंगपेशींच्या कर्करोगावर (मेलॅनोमा) उपचार होऊन अनेक वर्षे लोटल्यानंतर जठरात किंवा आतड्यात त्याच्या दुय्यम गाठी निर्माण होण्यास हे नाव आहे. हा प्रकार दुर्मीळ आहे.

नेत्रगोलाच्या आत लसीकावाहिन्या नसल्याने या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे पसरतात. सुमारे निम्म्या रुग्णांत पुढे प्रसार होतो व त्यांपैकी बहुतेकांत यकृत बाधित होते. कृत्रिम डोळा आणि वाढलेले यकृत एकत्र दिसल्यास सावध व्हावे, असा वैद्यकशिक्षणातील जुना धडा आहे. डोळा काढून टाकला तरी धोका पूर्णपणे टळत नाही, कारण काही पेशी निदानापूर्वीच बाहेर पडून सुप्त राहत असाव्यात, असे मानले जाते. ही सुप्तावस्था १०, २० वा क्वचित त्याहून अधिक वर्षे टिकते.

थकवा, रक्तक्षय, काळी शौच व पोटदुखी ही लक्षणे अल्सरसारख्या नेहमीच्या आजारांतही आढळतात. लहान आतड्यातील गाठीमुळे आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून मार्ग बंद होऊ शकतो. जुन्या नेत्रविकाराचा पोटाशी संबंध असेल असे रुग्णाला वाटत नाही. तो उल्लेख राहून गेल्यास निदान लांबते.

एंडोस्कोपीत काळसर गाठ दिसू शकते, मात्र काही गाठी रंगहीन असतात. म्हणून बायोप्सीत एस-१००, एचएमबी-४५ हे निदर्शक तपासतात. जीएनएक्यू किंवा जीएनए११ जनुकातील बदल आढळल्यास उगम त्वचेऐवजी डोळ्यात असण्याची शक्यता बळावते. रक्तस्राव किंवा अडथळा असल्यास शस्त्रक्रियेने आराम मिळतो.