मुसलमान पत्नीचा विवाहविच्छेदाचा हक्क

इस्लामी कायदा म्हणजे एकच अचल संहिता, असा आपल्याकडे समज आहे. वस्तुतः सुन्नी पंथातच हनफी, मालिकी, शाफई व हंबली असे चार संप्रदाय आहेत आणि पत्नीच्या हक्कांविषयी त्यांच्यात मोठा मतभेद आहे. भारतातील बहुतेक सुन्नी हनफी होत. नवरा परागंदा झाला, तर रूढ हनफी मताप्रमाणे त्याच्या वयाची माणसे हयात नसतील इतका काळ पत्नीने थांबायचे. मालिकी मताप्रमाणे चार वर्षे. नवरा पोसत नाही, एवढ्यावरून हनफी काझी विवाह मोडीत नसे. धर्म सोडला की विवाह तुटे. म्हणून पंजाबात काही स्त्रियांनी तोच मार्ग धरला. तेव्हा देवबंदी विद्वान मौलाना अशरफ अली थानवी यांनी अशा प्रसंगी मालिकी मत स्वीकारण्यास शास्त्राधार दाखविला.

पुढे १९३९ साली कायदा झाला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल किंवा त्याने दोन वर्षे पोषण केले नसेल, तर पत्नीला न्यायालयाकडे विवाहविच्छेद मागता येऊ लागला. जन्माने मुसलमान असलेल्या स्त्रीचा विवाह केवळ धर्मत्यागाने तुटणे मात्र त्याच कायद्याने थांबविले. पुरुषाच्या तलाकाला त्याने हात लावला नाही. एका दमात उच्चारलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला तो २०१७ साली. शास्त्रात वाट होती. स्त्रिया धर्म सोडू लागल्या, तेव्हा ती शोधली गेली.