संधिगतवात : तेलापूर्वी निदान

गुडघा दुखतो म्हणताच तेलाची बाटली पुढे करण्याची सवय आपण सर्वांनी सोडावी, असे आम्हांस वाटते. चरकाचार्यांनी संधिगतवातात वायूने भरलेल्या पखालीसारखा शोथ व आकुंचन-प्रसारणात वेदना सांगितली आहे. येथे सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. तो अधिक टिकल्यास वा ज्वर, अरुची असल्यास आमवाताचा विचार करावा. सामावस्थेत स्नेहन वेदना वाढविते. निदाननिश्चितीनंतर सुश्रुतोक्त स्नेहन, उपनाह, अग्निकर्म योजावे. स्थूल रुग्णाचे वजन १ किलो घटल्यास पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी घटतो. मांडीच्या स्नायूंचा व्यायामही हवाच. औषधविक्रेत्या बंधूंनी घटक न छापलेल्या, तत्काळ गुणाच्या पुड्या ठेवूच नयेत; त्यांत स्टेरॉइड असू शकते.