तेंदूच्या हंगामात बाळ कुणाकडे?

मे महिन्यात आपले पेपर संपतात, तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. आई पहाटेच जंगलात जाते. 70 पानांचा एक पुडा, मजुरी पुड्यांवर. म्हणजे बाळाला दिलेला तास थेट मजुरीतून वजा. अंगणवाडी आहे की! पण ती 3 ते 6 वर्षांच्या मुलांसाठी, तीही काही तास. त्याहून लहान पोराला घरपोच आहार मिळतो, सांभाळणारं कुणी नाही. सोबत न्यावं, तर वाघाची भीती. मग आजी, नाहीतर सुट्टी लागलेली ताई.

2005च्या रोजगार हमी कायद्यात कामावर 6 वर्षांखालची पाच मुलं असली, तर एका बाईला त्यांना सांभाळायचीच मजुरी ठरली होती. तेंदूचं काम त्यात बसत नाही. पण गडचिरोलीत बऱ्याच ग्रामसभा आता तेंदू स्वतः विकतात. त्यांच्या करारात ही एक ओळ टाकता येईल ना?